मुंबईच्या कांदळवनातले बदल उपग्रहचित्रांवरून मोजताना: भरती, हंगाम आणि कडेचे पिक्सेल

खाजणकाठ

मालाड खाडी, मनोरी-गोराई आणि ठाणे खाडी या पट्ट्यांतल्या कांदळवनासाठी सर्रास एकच कृती होताना दिसते. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाची दोन वर्षांची दोन चित्रं घ्यायची, दोन्हींचा एनडीव्हीआय (लाल आणि जवळच्या अवरक्त प्रकाशावरून काढलेला हिरवळीचा निर्देशांक) काढायचा, एकातून दुसरा वजा करायचा आणि लाल दिसेल ती कत्तल. नकाशा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो, तक्रार जाते, माणूस जागेवर पोचतो आणि तिथे तिवरं (कांदळवनातली झाडं) आपली उभी असतात. त्यानंतर खरोखर भराव टाकणं सुरू झालं तरी तक्रारीकडे कोणी ढुंकून बघत नाही.

म्हणून हा धागा. तारखा कशा निवडायच्या, घट मानायचा उंबरठा किती ठेवायचा, ‘इतके हेक्टर घट’ हा आकडा कधी सांगावा आणि तक्रारीला चित्र जोडायचं तर सोबत काय द्यावं, एवढ्यावर लिहा. कोड शोधला की मिळतो, त्यामागची कारणं हवी आहेत.

भूपट

तारखांपासून सुरू करतो, कारण निम्मी खोटी घट तिथेच जन्माला येते.

सेंटिनेल-२ सूर्याशी जुळलेल्या कक्षेत फिरतो. मुंबईवरून तो नेहमी सकाळी सव्वाअकराच्या आसपास जातो, लँडसॅट हा अमेरिकी उपग्रह त्याच्या थोडा आधी. उपग्रहाची वेळ ठरलेली, भरतीची मात्र रोज पाऊण तास पुढे सरकणारी. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब बहुतेकांना माहीत असेल: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. मुंबई बंदरात प्रत्यक्ष भरती या हिशेबापेक्षा अर्धा-पाऊण तास उशिरा येते, पण दिशा ठरवायला एवढं पुरतं.

आता हा हिशेब उपग्रहाच्या वेळेवर ठेवून बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या चित्रात पाणी जवळजवळ पूर्ण चढलेलं असतं. षष्ठी-सप्तमीच्या चित्रात ते उतरलेलं असतं. म्हणजे एका वर्षी सप्तमीचं आणि दुसऱ्या वर्षी पौर्णिमेचं चित्र घेतलं तर खाडीच्या काठची विरळ झाडं, चिखलावर नुकती रुजलेली रोपं आणि ओहोळांच्या दोन्ही कडा दुसऱ्या चित्रात पाण्याखाली जातात. पाणी जवळचा अवरक्त प्रकाश शोषून घेतं, एनडीव्हीआय कोसळतो आणि नकाशा लाल होतो. दाट छत असलेल्या आतल्या भागाला याने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच खोटी घट नेहमी खाडीकाठाने पातळ पट्टीसारखी दिसते.

दुसरी गोष्ट कमी लोकांच्या लक्षात येते. सप्तमीची ओहोटी ही भांगाची, म्हणजे पाणी कमी चढ-उतरणाऱ्या दिवसांची; पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची. अपोलो बंदरावर भांगाच्या ओहोटीची सरासरी पातळी १.८६ मीटर आहे, उधाणाच्या ओहोटीची ०.७६ मीटर. उधाणाची ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास लागते, तेव्हा सेंटिनेल-२ मुंबईवर नसतोच. म्हणजे चिखलाचा सगळ्यात खालचा पट्टा या उपग्रहाला कधीच उघडा दिसत नाही. ‘चिखलपट्टा आक्रसला’ असं नुसत्या सेंटिनेल-२ वरून म्हणू नये.

करायचं काय: प्रत्येक चित्राच्या वेळेची पाण्याची उंची भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून काढून चित्राच्या नावापुढे लिहून ठेवा. ओहोटीचंच चित्र हवं असा हट्ट नको. दोन्ही चित्रांतल्या पाण्याची उंची एकमेकींच्या ३०-४० सेंटिमीटरच्या आत असली की झालं. आणि तक्ता अपोलो बंदराचा आहे हे विसरू नका. ठाण्याच्या टोकाला पाणी उशिरा पोचतं.

रेतीबंदर

पंचांग उघडून सेंटिनेल. छान.

भूपटनी सांगितलेल्या अडचणीवर अर्धा उतारा सेंटिनेल-१ कडे आहे. हा रडार उपग्रह, सकाळची फेरी मुंबईवर साडेसहाच्या सुमारास. म्हणजे बरोबर उलटं: पौर्णिमा-अमावास्येला ओहोटी आणि सप्तमीला भरती. ढगांचीही पर्वा नाही. जून ते सप्टेंबर सेंटिनेल-२ मधून मुंबईचं स्वच्छ चित्र मिळणं म्हणजे नशीब. त्या चार महिन्यांत काय घडलं ते रडारशिवाय कळत नाही.

पण हा सी-बँड (आखूड लहरीचा रडार) आहे, त्याच्या मर्यादेत वापरा. लहरीची लांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. दाट तिवरांत ती वरच्या पानां-फांद्यांवरूनच परत येते, खालचं पाणी तिला दिसत नाही. झाडं तोडून मोकळी जागा झाली की व्हीएच (उभी पाठवून आडवी परत आलेली लहर) उतरतो. विरळ झाडांत पाणी शिरलं की खोड आणि पाणी या दोघांवर आपटून लहर जोरात परतते आणि व्हीव्ही (उभी पाठवून उभीच परत आलेली लहर) वाढतो. राडारोडा टाकला, पत्र्याचं कुंपण घातलं तरीही व्हीव्ही वाढतो. त्यामुळे नुसता ‘बदल’ दिसला एवढ्यावर निष्कर्ष नको, व्हीव्ही आणि व्हीएच दोन्ही कुठे सरकले ते बघा.

चढती (दक्षिणेकडून उत्तरेकडे) आणि उतरती (उत्तरेकडून दक्षिणेकडे) फेरी एकत्र मिसळू नका. रडार बाजूने बघतो. एकाच इमारतीची सावली एका फेरीत पूर्वेला तर दुसरीत पश्चिमेला पडते आणि सरासरीत नसलेला बदल उगवतो. एका कक्षेची मालिका स्वतंत्र चालवा. एकट्या पिक्सेलवर विश्वास नको, ५ × ५ ची सरासरी घ्या आणि अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान ठिपका रडारवरून जाहीर करू नका.

२०२१ च्या डिसेंबरात सेंटिनेल-१बी बंद पडला, १सी २०२४ च्या डिसेंबरात अवकाशात गेला. मधल्या काळात चित्रं विरळ आहेत. मालिकेत तिथे खळगा दिसेल, तो चित्रांच्या संख्येचा आहे.

तिवर_चिपी

वनस्पतींच्या बाजूने भर घालते. तारखेत भरतीइतकाच हंगाम महत्त्वाचा.

ऑक्टोबरचं चित्र सगळ्यांना आवडतं. पाऊस संपलेला, हवा धुतलेली. पण कांदळवन वेगळं काढायला तो सगळ्यात वाईट महिना. मिठागरांच्या बांधांवर गवत, पडीक खाजणात (खाडीकाठच्या दलदलीत) मोरस आणि इतर खारट जमिनीतली झुडपं, गोराईकडे भात, वस्तीच्या कडेला सुबाभूळ आणि वेडी बाभूळ, खाडीच्या गोड्या टोकाला जलपर्णी, सगळं हिरवंगार. तेच फेब्रुवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत बघा. गवत वाळलेलं, पानगळीची झाडं बोडकी, आणि तिवर, चिपी, कांदळ या कांदळवनातल्या जाती सदाहरित. वेगळं काढणं सोपं जातं. वेडी बाभूळ तेवढी उन्हाळ्यातही हिरवी राहते. तिला पकडायला लघुलहरी अवरक्त, म्हणजे सेंटिनेल-२ चा बी११ हा बँड, लागतो. कांदळवनाखालचा चिखल ओला असतो, बाभळीखालची जमीन कोरडी, म्हणून बी११ मध्ये बाभूळ जास्त उजळ दिसते.

दुसरा मुद्दा अळीचा. सागाची पानं खाणारी हायब्लिया प्युरा ही अळी मुंबईत तिवरावरही पडते. पावसाळ्याच्या शेवटी, बहुधा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात, हेक्टरच्या हेक्टर तिवरं काही दिवसांत खराट्यासारखी होतात. वरून बघणाऱ्याला ही कत्तलच वाटणार: मोठा सलग पट्टा, एनडीव्हीआय एकदम खाली. ओळखण्याच्या खुणा दोन. एक, अळी तिवरावरच पडते, शेजारची चिपी किंवा मरांडी हिरवीच राहते, त्यामुळे घटीची कड खाडीच्या किंवा रस्त्याच्या रेषेत नसून झाडांच्या जातीप्रमाणे वेडीवाकडी असते. दोन, सहा-आठ आठवड्यांत पालवी परत येते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमधली घट डिसेंबरच्या चित्राशी ताडून बघेपर्यंत ‘संशयित’ याच रकान्यात ठेवा. गेवा या कांदळवनातल्याच झाडाची पानंही गळण्याआधी लाल-पिवळी होतात, पण मुंबईत त्याचे सलग मोठे पट्टे कमी असल्याने १० मीटरच्या पिक्सेलला फार त्रास होत नाही.

खाजणकाठ

तिवर_चिपी, म्हणजे वर्गीकरणासाठी फेब्रुवारी-मे आणि इशाऱ्यासाठी वर्षभराची मालिका, असे दोन वेगळे संच ठेवायचे? आणि कांदळवन ओळखायला नेमका कोणता निर्देशांक घ्यायचा? सीएमआरआय, एमव्हीआय अशी नावं येतात.

तिवर_चिपी

हो, दोन वेगळे संच.

निर्देशांकांचं म्हणाल तर सीएमआरआय म्हणजे एनडीव्हीआयमधून एनडीडब्ल्यूआय (पाण्याचा निर्देशांक) वजा. एमव्हीआय म्हणजे (बी८ − बी३) भागिले (बी११ − बी३); बी३ हिरवा, बी८ जवळचा अवरक्त. दुसरा जास्त उपयोगी, कारण त्यात बी११ आहे. फक्त दुसरीकडे ठरलेला उंबरठा जसाच्या तसा उचलू नका. बी११ आणि बी३ जवळजवळ सारखे असले की छेद शून्याजवळ जातो आणि आकडा वाट्टेल तिथे उडतो, विशेषतः पाण्याच्या कडेला. आधी पाणी झाकून घ्या, मग एमव्हीआय काढा.

निर्देशांक हे एकेक आदान म्हणून रँडम फॉरेस्टला (नमुन्यांवरून शिकून वर्गीकरण करणाऱ्या संगणकी पद्धतीला) द्यावेत, त्यांच्या एकट्याच्या जोरावर नकाशा करू नये. प्रत्येक वर्गाचे दीड-दोनशे नमुने, आणि ते नमुने वर्गाच्या कडेपासून किमान ३० मीटर आत. बाभूळ, जलपर्णी आणि मिठागरावरची झुडपं यांना वेगळे वर्ग द्या. ‘इतर हिरवळ’ असा एकच डबा केला की प्रारूप त्यात काहीही कोंबतं. उंचीचा मास्क (त्याहून उंच जागा वगळणारी गाळणी) लावायचा तर १५-२० मीटरवर लावा, ५ वर नाही. कोपर्निकस या युरोपीय कार्यक्रमाचं उंचीचं प्रारूप जमिनीचं नाही, झाडांच्या शेंड्यांचं आहे. दहा मीटरच्या चिपीचा त्यात कत्तलखाना होतो.

मोजपट्टी

आता कडेचे पिक्सेल. मुंबईत हाच खरा कळीचा प्रश्न आहे, कारण इथे कांदळवन बहुतेक कडेनेच जातं. कोणी मध्यावर जाऊन तोडत नाही. रस्त्याच्या बाजूने रात्री डंपर रिकामा होतो, महिन्याभराने त्यापुढे आणखी एक, आणि कड पाच-पाच मीटरने आत सरकते.

सेंटिनेल-२ चे बी२, बी३, बी४, बी८ हे १० मीटरचे, एक पिक्सेल १०० चौरस मीटर. बी११, बी१२ आणि रेड-एज (लाल आणि अवरक्त यांच्या मधले बँड) २० मीटरचे, एक पिक्सेल ४०० चौरस मीटर. पाच मीटरची पट्टी म्हणजे १० मीटरच्या पिक्सेलचा निम्मा भाग. एनडीव्हीआय उतरेल, पण ‘हिरवं ते उघडं’ असा पूर्ण उतार दिसणार नाही. वर्गीकरणात तो पिक्सेल कांदळवनच राहील. म्हणून कडेसाठी वर्ग बदलला की नाही हे न बघता त्याच पिक्सेलचा कल बघा.

कडेवर खोटा बदल आणणारी आणखी तीन कारणं:

चित्र सरकणं. सेंटिनेल-२ ची जुनी चित्रं एकमेकांवर बिनचूक बसत नाहीत, फरक कधी एक पिक्सेलपर्यंत जातो. २०२१ मध्ये युरोपीय अवकाश संस्थेने जागतिक संदर्भचित्र वापरायला सुरुवात केल्यावर हे बरंच सुधारलं. २०१७ चं जुन्या प्रक्रियेचं चित्र आणि २०२३ चं चित्र वजा केलं की ओहोळाच्या एका काठाला घट आणि समोरच्या काठाला तेवढीच वाढ दिसते. अशी जोडी दिसली की झाडं गेली नाहीत, चित्र सरकलं आहे. पुनर्प्रक्रिया केलेला संच घ्या. शिवाय २५ जानेवारी २०२२ पासून पिक्सेलच्या मूल्यात १००० मिळवलेले आहेत. अर्थ इंजिनमध्ये (गूगलच्या उपग्रहचित्रांच्या मंचावर) ‘हार्मोनाइज्ड’ संच घेतला तर ते वजा होऊन येतात, स्वतः उतरवलेल्या फाइलीत स्वतः वजा करावे लागतात. हे राहिलं तर २०२२ नंतर सगळ्या मुंबईचा एनडीव्हीआय घसरलेला दिसतो.

इमारतींची सावली. मालाड-कांदिवलीच्या बाजूला मनोरे थेट खाजणाच्या कडेला आले आहेत. डिसेंबरात सव्वाअकराला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४३ अंशांवर असतो. १३० मीटर उंचीच्या मनोऱ्याची सावली साधारण १४० मीटर, उत्तर-वायव्येला. म्हणजे १४ पिक्सेल. २०१८ च्या डिसेंबरात मनोरा नव्हता, २०२४ मध्ये आहे, आणि त्याच्या सावलीतलं धडधाकट कांदळवन घट म्हणून मोजलं जातं. एप्रिलमध्ये सूर्य डोक्यावर असतो, सावली आखूड होते. मात्र तेव्हा खाडीच्या पाण्यावर चकाकी येते आणि ढगांचा मास्क तिला ढग समजून उडवतो, हेही लक्षात ठेवा.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत. क्षेत्रफळ मोजायचं ते यूटीएम ४३ उत्तर (संकेतांक ईपीएसजी ३२६४३) मध्ये. वेब मर्केटर, म्हणजे ३८५७, मध्ये पिक्सेल मोजून हेक्टर काढले तर मुंबईच्या अक्षांशावर आकडा सुमारे १२ टक्के फुगतो. अर्थ इंजिनमध्ये क्षेत्रफळाची बेरीज करताना स्केल (पिक्सेलचा आकार, मीटरमध्ये) १० स्पष्ट लिहा. नाही लिहिलं तर ते स्वतःच्या मनाने भरड पिक्सेल घेऊ शकतं आणि तक्रार करत नाही.

रेतीबंदर

सावलीच्या मुद्द्याला +१. वाढीव भर: एकाच महिन्याची चित्रं घ्या, म्हणजे सूर्याचा कोनही सारखा राहतो. ‘डिसेंबर विरुद्ध एप्रिल’ ही तुलना करूच नये.

खाजणकाठ

बांध घालून पाणी अडवण्याचं कसं पकडायचं? तिथे झाड कोणी तोडत नाही, ते आपोआप मरतं. एनडीव्हीआय उतरेपर्यंत सहा-आठ महिने गेलेले असतात.

भूपट

हा फार महत्त्वाचा प्रश्न. तिथे हिरवळ बघत बसू नका, पाणी बघा.

निरोगी खाजणाचं लक्षण म्हणजे भरतीचं आणि ओहोटीचं चित्र वेगळं दिसणं. दाट छताखालचं पाणी दिसत नाही, पण आतले ओहोळ आणि मोकळे तुकडे दिसतात. तिथे एनडीडब्ल्यूआय, म्हणजे बी३ आणि बी८ चा, पौर्णिमेच्या चित्रात वर आणि सप्तमीच्या चित्रात खाली असायला हवा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या चित्रांतून प्रत्येक ओहोळासाठी हा फरक काढून ठेवा. बांध घातला किंवा उघाडी (पाणी ये-जा करण्याची वाट) बंद केली की फरक शून्याकडे जातो. पानं अजून हिरवी असताना हे दिसतं. एमएनडीडब्ल्यूआय (बी८ ऐवजी बी११ वापरणारा निर्देशांक) पाण्यासाठी जास्त स्वच्छ, पण त्यात २० मीटरचा बी११ आहे. अरुंद ओहोळ त्यात हरवतात, म्हणून इथे १० मीटरवालाच बरा.

पुढे दोन वाटा. आत पाणी येणंच बंद झालं तर जमीन वाळते, क्षार वर येतात, बी११ उजळत जातो आणि मग पानं जातात. उलट पावसाचं किंवा गटाराचं पाणी आत साचून बाहेर पडायला वाटच उरली नाही तर तिवराची श्वासमुळं कायम बुडालेली राहतात आणि झाड गुदमरतं. या दुसऱ्या प्रकारात पाण्याचा निर्देशांक दोन्ही चित्रांत वरच राहतो. दोन्हीकडे खूण एकच: भरती-ओहोटीचा फरक नाहीसा होणं.

बांध स्वतः तीन-चार मीटर रुंदीचा, सेंटिनेल-२ मध्ये धूसर रेघ दिसली तर दिसली. खात्री करायला भूनिधी या इस्रोच्या संकेतस्थळावरचं लिस-४ या भारतीय कॅमेऱ्याचं चित्र, ५.८ मीटरचं, घ्या. त्यात हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त असे तीनच बँड आहेत, बी११ सारखं काही नाही, पण रेघ ओळखायला ते पुरे.

तोडीच्या इशाऱ्यासाठी उंबरठा असा: प्रत्येक पिक्सेलचा त्याच महिन्यातला मागच्या तीन वर्षांचा सरासरी एनडीव्हीआय हा पाया. नवं मूल्य त्यापेक्षा ०.१५ ते ०.२ ने खाली, सलग तीन स्वच्छ चित्रांत, पहिल्या आणि तिसऱ्या चित्रात किमान ३० दिवसांचं अंतर, आणि एकमेकांना लागून किमान पाच पिक्सेल. एका चित्रावर इशारा दिला तर धुरकं, विरळ ढग आणि भरती मिळून रोज घंटा वाजवतील. सप्टेंबर-ऑक्टोबरात ३० ऐवजी ६० दिवस ठेवा, अळीसाठी.

मोजपट्टी

हेक्टरच्या आकड्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण बातमीत तोच जातो.

नकाशावरचे घटीचे पिक्सेल मोजून आलेला आकडा हे घटीचं क्षेत्रफळ नव्हे. त्यात खोटी घट मिसळलेली असते आणि सुटलेली घट नसते. दोन्हींचा हिशेब नमुन्यातून करावा लागतो. समजा ६,००० हेक्टरच्या पट्ट्यात नकाशा २० हेक्टर घट आणि ५,९८० हेक्टर स्थिर दाखवतो. घटीच्या भागात ७५ बिंदू सोडतीने टाकून स्पष्ट चित्रांवर तपासले, ४५ खरे निघाले. म्हणजे ६० टक्के, खरी घट १२ हेक्टर. स्थिर भागात ५०० बिंदू तपासले, त्यांतले ३ प्रत्यक्षात घटीचे निघाले. तीनच, पण ३ भागिले ५०० म्हणजे ०.६ टक्के, आणि ५,९८० चे ०.६ टक्के म्हणजे जवळपास ३६ हेक्टर. एकूण अंदाज ४८ हेक्टर, आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा बहुधा ज्या पट्ट्यात असेल ती) काढली की ± ४१. नकाशा २० म्हणत होता.

एवढी मोठी मर्यादा कशामुळे? स्थिर भाग प्रचंड आहे आणि त्यातली एकेक चूक १२ हेक्टरचं ओझं घेऊन येते. उपाय: स्थिर भागातून कडेची ३० मीटरची पट्टी वेगळा स्तर म्हणून काढा. समजा ती ९०० हेक्टर भरली. तिथे २०० बिंदू, त्यांतले ५ घटीचे, म्हणजे २२.५ हेक्टर. आतल्या ५,०८० हेक्टरमध्ये ३०० बिंदू, एकही घट नाही. आता एकूण ३४.५ ± २० हेक्टर. चूक निम्म्यावर आली, आणि बिंदू तेवढेच.

काठीण्यपातळी

मोजपट्टी, शेवटच्या पायरीला हरकत. ३०० पैकी शून्य सापडले म्हणजे शून्य नाही. ३०० नमुन्यांत एकही न सापडणं हे खरं प्रमाण १ टक्क्यापर्यंत असतानाही घडू शकतं, आणि ५,०८० चा १ टक्का ५१ हेक्टर होतो. सूत्र त्या स्तराची चूक शून्य धरतं, म्हणून ± २० हा आकडा दिसतो तेवढा भक्कम नाही.

मोजपट्टी

हरकत रास्त आहे. म्हणूनच आतल्या भागाचं काम नमुन्यावर सोडू नये, तो सगळाच्या सगळा डोळ्यांनी तपासावा. दाट छतात मधोमध मोकळी झालेली जागा लिस-४ वर लपत नाही. अर्ध्या किलोमीटरची चौकटजाळी टाकून एकेक चौकट बघायची, ५,०८० हेक्टरच्या दोनशेच्या वर चौकटी होतात, दोन-तीन दिवसांचं काम. तसं केलं असेल तर अहवालात ‘आतला भाग पूर्ण तपासला’ असं लिहा आणि नमुना फक्त कडेला आणि घटीच्या भागाला लावा. केलं नसेल तर काठीण्यपातळी म्हणतात ती वरची मर्यादा छापा.

अनुस्वार

वाचनमात्र होते, एक शंका. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात महाराष्ट्राचं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर आहे आणि २०२३ च्या अहवालात ३१५.०९. म्हणजे दोन वर्षांत ९ चौरस किलोमीटर घट ना?

काठीण्यपातळी

नाही. त्याच २०२३ च्या अहवालात महाराष्ट्रात १२.३९ चौरस किलोमीटर वाढ असं म्हटलं आहे. नव्या फेरीत मागच्या फेरीचे आकडेही सुधारून घेतले जातात आणि वाढ-घट त्या सुधारित आकड्याशी मोजली जाते. दोन छापील अहवालांतले आकडे एकमेकांतून वजा करायचे नसतात. वृत्तपत्रांत दर दोन वर्षांनी हीच वजाबाकी छापून येते, सवयीचं झालं आहे.

शिवाय तो आकडा लिस-३ वरचा, २३.५ मीटरचा, आणि एक हेक्टरपेक्षा लहान तुकडा त्यात धरलेला नसतो. राज्याची गोळाबेरीज म्हणून ठीक. चारकोपच्या मागे किती गेलं याचं उत्तर त्यात शोधू नका.

तिवर_चिपी

आणि वाढ म्हणजे सगळं कुशल असंही नाही. ठाणे खाडीत गाळ साचून तिवरं चिखलावर पुढे सरकतात. नकाशात ती हिरवी भर दिसते, पण तोच चिखल रोहित पक्ष्यांच्या चरण्याचा. तिथल्या रोहित अभयारण्याच्या १,६९० हेक्टरमध्ये कांदळवन ८९६ आणि उरलेलं पाण्याचं क्षेत्र. अहवालात निव्वळ बदल देऊ नका. घट वेगळी, वाढ वेगळी, आणि वाढ कशावर झाली, चिखलावर की जुन्या मिठागरावर, हा तिसरा रकाना.

खाजणकाठ

तक्रारीला चित्र जोडण्याबद्दल कोणी लिहील का?

रेतीबंदर

स्क्रीनशॉट जोडू नका. मूळ फाइलीचं पूर्ण नाव द्या, त्यात उपग्रह, तारीख आणि वेळ असते. वेळ जागतिक प्रमाणवेळेत आहे, साडेपाच तास मिळवून भारतीय वेळ लिहा. शेजारी त्या वेळची पाण्याची उंची. आधीचं आणि नंतरचं चित्र एकाच रंगछटेत, एकाच मोजपट्टीवर, कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं ती पद्धत) मध्ये. एनडीव्हीआयचा लाल-हिरवा नकाशा दुसऱ्या पानावर, पहिल्यावर साधं रंगीत चित्र. वाचणाऱ्याला पहिल्यांदा झाडं दिसली पाहिजेत.

गूगल अर्थचं जुनं चित्र पुरावा म्हणून चालतं, पण खाली दिसणारी तारीख चित्रांच्या जोडावर चुकीची असू शकते आणि जागाही काही मीटर सरकलेली असते. मनोऱ्यांच्या शेजारी तर जास्तच.

५० मीटरच्या बफरबाबत जपून. मुंबई उच्च न्यायालयाच्या १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवनाभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला संरक्षण आहे. पण १० मीटरच्या चित्रात कडच एका पिक्सेलने इकडे-तिकडे होते, म्हणजे ५० मधले १० मीटर संशयात. बफरच्या आत की बाहेर हा वाद उपग्रहचित्राने मिटत नाही. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने केलेले मोठ्या प्रमाणाचे नकाशे आणि जागेवरची मोजणीच लागते. गावनकाशा उपग्रहचित्रावर बसवताना तीन-चार पक्के कोपरे जुळवा, विहीर, जुनं देऊळ, शिवेचा दगड. ओहोळाचा काठ कधीही घेऊ नका, तो हलतो.

ड्रोन उडवायचा विचार असेल तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाचा नकाशा बघा. विमानतळ आणि नौदलामुळे मुंबईत परवानगीशिवाय उडवता येईल अशी जागा फार थोडी.

अनुस्वार

आणि १९९० च्या दशकाशी तुलना करायची असेल तर?

भूपट

लँडसॅट, पाथ १४८, रो ४७ (मुंबईच्या चौकटीचा क्रमांक). ३० मीटरचा पिक्सेल, ९०० चौरस मीटर, त्यामुळे कडेची चर्चा विसरा, मोठ्या तुकड्यांपुरतं बोला. ३१ मे २००३ नंतरच्या लँडसॅट-७ मध्ये काळे पट्टे आहेत. २०१२ हे वर्ष तर जवळजवळ त्याच पट्ट्यांवर काढावं लागतं, कारण लँडसॅट-५ २०११ च्या शेवटी थांबला आणि ८ आला २०१३ मध्ये. त्या वर्षाला आधार-वर्ष करू नका.

ग्लोबल मँग्रोव्ह वॉच या प्रकल्पाचा १९९६ चा नकाशा तयार मिळतो. तो एल-बँड (लांब लहरीच्या) रडारवरचा आणि जगभरासाठी केलेला आहे. मुंबईच्या अरुंद पट्ट्यांत तो आरंभबिंदू म्हणून घ्या, हेक्टरला प्रमाण मानू नका.

रेतीबंदर

एल-बँडवरून आठवलं. ३० जुलै २०२५ ला निसार हा भारत-अमेरिकेचा रडार उपग्रह अवकाशात गेला आहे, एल आणि एस दोन्ही बँड, दर १२ दिवसांनी तीच जागा. एल-बँडची लहर छत भेदून खोडांपर्यंत जाते, त्यामुळे दाट तिवरांखाली पाणी शिरतं की नाही हे थेट बघण्याची शक्यता आहे. भूपटनी सांगितलेली बांधाची चाचणी ओहोळांपुरती मर्यादित आहे, ती आतल्या जंगलातही करता येईल. जागेवर पडताळण्यासाठी खाजणात पाण्याच्या खुणेच्या काठ्या रोवायला आत्तापासून सुरुवात करायला हवी. प्रत्येक उघाडीच्या आत एक आणि बाहेर एक, सेंटिमीटरच्या खुणा केलेली, फेरीच्या वेळी वाचलेली.

खाजणकाठ

काठ्यांसाठी मनोरीच्या बाजूच्या दोन उघाड्या सोयीच्या आहेत, रस्त्यावरून पोचता येतं. वनखात्याच्या परवानगीचा अर्ज कसा करायचा यासाठी वेगळा धागा काढते. इथे फक्त चित्रांचं चालू ठेवू.